पत्त्यांवरचा सरस

मला मासिकात घेतलं ते अक्षरासाठी. अकलेसाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की ह्या बाईला कुणी मानानं बोलावून खुर्ची दिली होती. सांगलीत तेव्हा पत्त्यांची हौस असलेल्या पंधरावीस लोकांचं एक मंडळ होतं. जुगार नाही, पैसे लावून खेळणं नाही. हातचलाखीचे प्रयोग करायचे, कुणी पत्त्यांचा नवा कॅट आणला तर तो हाताळून बघायचा, आणि दर महिन्याला एक हस्तलिखित मासिक काढायचं. लढाईचे दिवस होते. छापायला कागद मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी पत्त्यांच्या मासिकाला कोण देतो? म्हणून प्रत एकच, हातानं लिहिलेली. ती सांगलीतल्या घराघरांतून फिरायची, मग साताऱ्याला जायची, तिथून वाईला, आणि महिनाअखेरीस परत यायची. शेवटी दहाबारा पानं कोरी सोडलेली असत. वाचणाऱ्यानं तिथं आपला अभिप्राय लिहायचा, खाली सही करायची आणि अंक पुढच्या घरी द्यायचा. एकदा वाटेत पोलिसांनी पुडकं फोडलं. त्यांना वाटलं भूमिगतांचं पत्रक आहे. आत इस्पिकच्या राणीचं चित्र बघून त्यांनी ते पुन्हा बांधून दिलं, आणि गाठ आमच्यापेक्षा चांगली मारली.

आमचे हे कोर्टात नक्कलनवीस होते. एकदा फार घाई होती म्हणून एक नक्कल त्यांनी गुपचूप माझ्याकडून उतरवून घेतली. मासिकाचे संपादक पेशानं वकील. नक्कल त्यांच्याच अशिलाची निघाली आणि त्यांना अक्षर आवडलं. चौकशी करत ते घरी आले. पहिला अंक मी मुकाट्यानं उतरवला. दुसऱ्या अंकात एका कॅटचं परीक्षण होतं: 'हा कॅट फार सुंदर आहे. हौशी मंडळींनी अवश्य घ्यावा.' झालं, एवढंच! तो कॅट मी स्वतः हाताळला होता. पावसाळ्यात त्याची पानं भाजलेल्या पापडासारखी वळायची. माझं डोकंच फिरलं. ती दोन वाक्यं मी गाळली आणि त्या जागी दीड पान लिहून काढलं.

"हे कुणी लिहिलं?" संपादकांनी विचारलं.

"मी."

"तुम्हाला पत्त्यांतलं काय कळतं?"

मी फडताळातला कॅट काढला, पिसला, त्यांच्यापुढं पसरला आणि एक पान काढून मनात ठेवा म्हटलं. त्यांनी ते परत ठेवलं, मी पुन्हा पिसला, आणि त्यांचीच चौकटची नव्वी त्यांच्या पगडीखालून काढून दिली. वकीलसाहेबांनी पगडी सारखी केली, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "बरं, लिहीत जा." तेव्हापासून परीक्षणाचं सदर माझं.

ही विद्या माझ्या वडिलांची. ते वाईला शाळेत ड्रॉईंग मास्तर होते. मी नऊ वर्षांची असताना विषमज्वरानं दीड महिना अंथरुणाला खिळले, तेव्हा पोरीला रमवायला त्यांनी मला पत्ते शिकवले. खेळ नाही शिकवले, पानं शिकवली. पान हातात कसं बसतं, वरून कितवं आहे हे बोटाला कसं कळतं, समोरच्याला वाटावं आपणच निवडलं आणि प्रत्यक्षात आपण त्याच्या गळ्यात मारलेलं असावं, हे सगळं. आई म्हणायची, पोरीच्या जातीला हे कशाला? वडील म्हणायचे, हात रिकामे राहिले तर ती बोलेल, आणि तिचं बोलणं तुला झेपायचं नाही.

माझ्या परीक्षणाचे नियम माझे मीच केले होते. कॅट आठ दिवस वापरल्याशिवाय त्यावर एक अक्षर लिहायचं नाही. प्रत्येक पान कंदिलापुढं धरायचं. पाठीकडून आतले ठिपके दिसले की कॅट बाद. शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड न लावता पानं एकमेकांवरून घसरतात की नाही बघायचं, कारण शंखजिरं लावून रद्दी कागदही घसरतो. आणि प्रयोग लिहिला असेल तर तो तीन वेळा करून बघायचा, दोनदा ह्यांच्यापुढं आणि एकदा शेजारच्या काकूंपुढं. काकूंना फसवणं फार कठीण, त्यांनी आयुष्यभर भाजीवाल्यांशी व्यवहार केला होता. इंग्रजी पुस्तकांतून उतरवलेले प्रयोग तर मी धुऊनच काढायची. पान कोटाच्या बाहीत सरकवा म्हणे! माझ्या चोळीची बाही दंडाला घट्ट, तिथं मुंगी शिरायची नाही. टेबलाच्या कडेचा आधार घ्या म्हणे! आम्ही बसतो सतरंजीवर. जो प्रयोग मांडी घालून, उघड्या मनगटांनी, चारी बाजूंनी माणसं बसलेली असताना होत नाही, तो आपल्या कामाचा नाही, असं मी ठणकावून लिहीत असे. कुणाला राग यायचा, येऊ दे.

लढाईमुळं परदेशी कॅट यायचे बंद झाले. जुने होते तेच लोक जिवापाड जपत होते. एखादं पान हरवलं तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण. अशात सांगलीतल्या एका छापखान्याच्या मागच्या पडवीत एक माणूस पत्ते तयार करतो अशी बातमी लागली. मी ह्यांना घेऊन बघायला गेले.

तो कडेगावकडचा, शेतकरी घरातला. पलटणीत होता. आफ्रिकेत जखमी होऊन डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली आणि त्याला घरी पाठवलं. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या शिपायानं त्याला पत्त्यांचा नाद लावला होता. उजव्या एका हातात कॅट धरून तो असा काटायचा की माझे वडील असते तर उठून उभे राहिले असते. दोन कागदांच्या मध्ये काळा कागद घालून तो खळीनं चिकटवायचा, म्हणजे उजेडात आरपार दिसत नाही. मग ठसे, मग वरून एक हात कसला तरी द्यायचा, मग दगडी फरशीखाली दाबून ठेवायचं आणि यंत्रावर कापायचं. छापखान्याच्या मालकानं पडवी आणि कापायचं यंत्र त्याला दिवाळीपर्यंत वापरू दिलं होतं. तोवर पत्त्यांना गिऱ्हाईक लागलं तर पुढं चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आणि गुंडाळून जायचं कुठं? भावाच्या उसात. ऊस तोडायला दोन्ही हात लागतात, हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती.

"वैनी, ह्यो घ्या," त्यानं एक कॅट माझ्या हातात दिला. "वंगाळ आसंल तर वंगाळ लिवा. फुकाचं कवतिक नगं मला."

असं सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मी आठ दिवस तो कॅट छळला. श्रावणाची झड लागली होती, तरी पानं वळली नाहीत. पिसताना असा आवाज यायचा की ऐकत राहावं. दोष होते ते मी लिहिले: किलवरची राणी आणि इस्पिकची राणी एकाच तोंडाची, ठसा वाचवलेला दिसतो. पाठीवरची वेल एकीकडं झुकलेली, म्हणजे पान उलटं फिरलं की पाठीवरून ओळखू येतं. 'सबब,' मी लिहिलं, 'खेळणाऱ्यांनी हा कॅट घेताना विचार करावा, आणि हातचलाखी करणाऱ्यांनी विचार न करता दोन घ्यावेत.' सगळी पानं एका दिशेनं लावून ठेवायची, लोकांनी एक पान काढलं की कॅट हळूच फिरवून पुढं करायचा, आणि त्यांचं पान गर्दीत एकटं उलटं उभं राहतं. दोषातून निघालेला इतका सोपा प्रयोग मी दुसरा बघितला नाही. आणि शेवटी, भर म्हणून, त्याला विचारून कौतुकानं एक वाक्य लिहिलं: 'पानांवर तुरटी घातलेल्या सरसाचा पातळ हात दिला आहे, त्यामुळं ती दमट हवेतही ताठ राहतात.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सुताराकडे असतो तो सरस, जनावरांची कातडी न् हाडं उकळून काढलेला. मी वाईची. घाटावर वाढले. ओल्या धोतराला कुणाचा कोरडा पदर लागला तर पुन्हा बुडी मारणारी माणसं मी लहानपणापासून बघितलेली. मला कळायला नको होतं? पण मला ते सुचलंच नाही. मी पानांचा विचार करत होते, माणसांचा करायचा राहिला.

अंक सांगलीत फिरला, साताऱ्यात फिरला, अभिप्राय उत्तम. साताऱ्याहून पाच जणांनी कॅट मागवले. मग तो वाईला गेला. आमचे सर्वांत जास्त वाचक वाईत, साताऱ्याकडून ऐकून तिथून बारा कॅटांची मागणी आधीच आली होती आणि मालही गेला होता. महिनाअखेरीला अंक परत आला तेव्हा मागची कोरी पानं संपली होती.

वाईतल्या पहिल्यानं लिहिलं होतं, 'परीक्षण माहितीपूर्ण. सरस म्हणजे कशाचा?' दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, 'चामड्याचा.' तिसऱ्यानं लिहिलं, 'मी हाच कॅट घेऊन एकादशीला खेळलो.' चौथा: 'मी त्याच हातानं पान खाल्लं.' पाचव्यानं विचारलं होतं की प्रायश्चित्त कॅटाला घ्यायचं की माणसाला. सहाव्यानं त्याला शास्त्राधार लिहिला होता, सातव्यानं तो आधार चुकीचा आहे असं. आठव्यानं लिहिलं की चातुर्मासात असली वस्तू घरात पाठवणाऱ्या मासिकाचा निषेध असो. आणि सर्वांत शेवटी, सुंदर वळणदार अक्षरात, माझ्या माहेरच्या आळीतल्या वैदिकांचं: 'सर्व कॅट परत पाठवीत आहोत.' हे वैदिक म्हणजे माझ्या वडिलांचे जिवलग. त्यांना मी काका म्हणायची. त्यांच्या मांडीवर बसून मी बदाम सात खेळलेली.

कॅट परत आले. एकावर गोमूत्र शिंपडलं होतं. तो फुगून पोळीसारखा झाला होता.

संपादक संध्याकाळीच आले. त्यांनी दुरुस्तीचा मजकूर लिहूनच आणला होता: 'मागील अंकात नजरचुकीने सरस असे लिहिले गेले. वस्तुतः तो बाभळीचा डिंक आहे. वाचकांची क्षमा मागतो.'

"एवढं उतरवा. प्रकरण मिटलं."

"पण तो डिंक नाही."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"मला कळतं की."

"तुम्ही काय हरिश्चंद्र लागून गेलात?" वकीलसाहेब चिडले. "एका शब्दानं त्या गरिबाचा धंदा वाचतोय. तुमच्या हट्टापायी त्याला उपाशी मारणार?"

हे मात्र मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "त्यालाच विचार." संसारात हे कमी बोलले, पण वेळेवर बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत गेले. परत आलेले कॅट तो एकेक उघडून बघत होता. फुगलेला कॅट त्यानं बाजूला, चुलीजवळ वाळत ठेवला होता, जणू वाळून नीट होणार होता. मी सगळं सांगितलं. माझी चूक झाली हेही सांगितलं. खोटं लिहिणं मला जमत नाही, हेही.

"लिवा की डिंक," तो म्हणाला. "देवाधर्माची मानसं हायती ती. मनाला लागलं आसंल त्येंच्या. माझी आई बी आसंच करती. तिच्या म्होरं म्या कवा बोलत न्हाई. डिंक म्हना, खडीसाखर म्हना."

"पण मी खोटं लिहिलं तर उद्या माझ्या परीक्षणाला काय किंमत?"

त्यानं कॅट खाली ठेवला. "वैनी, रागावू नगा. तुमचं खरं तुमाला परवडतंय."

घरी येऊन भांडी आपटली. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही आणि ते शहाणपणाचं होतं. मग मी ठरवलं. लोकांना सरस नको होता ना? मग त्यांना दाखवायचं की तो त्यांच्या हाताला आजवर किती लागलाय. अनंतचतुर्दशी झाली तशी मी ह्यांना म्हटलं, मी माहेरी जाते. सातारा रोडपर्यंत रेल्वे, पुढं कोळशाच्या गॅसवरची मोटार. ती चढावर थांबायची, ड्रायव्हर उतरून भट्टी ढवळायचा, आणि आम्ही बायका पदरानं नाक धरून बसायचो. माझ्या पिशवीत सांगलीचा एक कॅट होता.

भावाकडं पिशवी ठेवली, त्यातला कॅट घेतला आणि थेट काकांच्या ओसरीवर गेले. दुपारची जेवणं झालेली, पाचसहा जण नेहमीसारखे खेळायला बसलेले. काकांचा परदेशी कॅट, वीस वर्षांचा, कडा मऊ पडलेल्या, तरी देखणा. लढाई सुरू झाल्यापासून ते तो रेशमी रुमालात ठेवत.

"ये गं पोरी. कधी आलीस?"

"आत्ताच. काका, तुमच्या कॅटवर काय चढवलंय?"

"म्हणजे?"

"वरून गुळगुळीत आहे तो कशानं? वीस वर्षं ताठ राहिला तो कशानं?"

"विलायती माल आहे तो," एक जण म्हणाला.

"विलायतेत काय गंगाजळ चढवतात?" मी म्हटलं आणि आत काकांच्या मंडळींना हाक मारली. "बघूया की. काकू, शेगडी आणा आणि दोन वाट्या कढत पाणी."

काका कुरकुरले, पण माहेरवाशिणीला कोण अडवतो? मी त्यांचा कॅट घेतला, पिसला, पसरला आणि म्हटलं, कुठलंही एक पान काढा. मोकळं सोडलं असतं तर त्यांनी जोकर काढून दिला असता, मी काय ओळखत नाही? म्हणून इस्पिकचा एक्का मी त्यांच्या गळ्यात मारला. त्यांना वाटलं आपणच काढला. मी तो त्यांनाच पाण्यात सोडायला लावला. सांगलीच्या कॅटचाही एक्का मी दुसऱ्या वाटीत सोडला. थोड्या वेळानं दोन्ही बुळबुळीत झाले. प्रत्येकाला बोटं चोळून बघायला लावली. बोटाला बोट चिकटलं. मग दोन्ही पानं चिमट्यानं निखाऱ्यावर धरली. आधी वाफ, मग धूर, आणि मग तो वास. केस जळल्याचा, चामडं जळल्याचा. दोन्हींचा एकच.

एकानं उपरण्यानं नाक झाकलं.

"अन् देवळातल्या मृदंगाला काय भोपळ्याची साल लावलीय?" मला आता थांबवत नव्हतं. "कीर्तनातल्या पेटीच्या भात्याला? तिथं चालतं ते कडेगावच्या माणसानं लावलं की बाटतं का? विलायतेतल्या कुणी, कशाला हात लावून हे केलं ते विचारलंत कधी?"

मंडळी एकेक करून उठली. कुणाला संध्या आठवली, कुणाला औषध. काकूंनी ओसरी धुवायला काढली. काका मला मागच्या परसात घेऊन गेले.

"मोडलास माझा कॅट," ते म्हणाले. राग नव्हता आवाजात, त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं.

"सांगलीहून मागवा की. तुम्ही मागवलात की सगळी वाई मागवेल."

"मागवतो. सगळ्यांचे मिळून बारा, नवे. दिवाळीच्या आत." मग थांबून म्हणाले, "पण तू मासिकात डिंक लिही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काका, तुम्ही वास घेतलात ना?"

"घेतला."

"मग?"

"अगं, वास उडून जातो. लिहिलेलं राहतं. राहिलं की उत्तर द्यावं लागतं. मला खेळायचंय, गावाला उत्तरं द्यायची नाहीयेत."

मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि निघाले. करणार काय? ते माझे काका होते.

आता कबूल करते. परतीच्या प्रवासात मिरज येईपर्यंत माझा मजकूर तयार झाला होता. डिंक. बारा कॅट म्हणजे पडवी राहणार, यंत्र राहणार, माणूस उसात जाणार नाही. माझं खरं मला परवडतंय हे त्याचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. एवढं एक खोटं लिहायचं आणि सदर सोडून द्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. राग इतका आला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि डब्यातल्या बायकांना वाटलं माहेर सुटलं म्हणून रडते.

स्टेशनवरून तशीच पडवीत गेले. तो यंत्रावर पानं कापत होता. मी सगळं सांगितलं, काकांची अटसुद्धा. आणि म्हटलं, लिहिते मी डिंक.

त्यानं यंत्र थांबवलं. "म्हंजे वास घेतला त्येंनी?"

"घेतला."

"आन कळलं त्येंला?"

"सगळ्यांना कळलं."

"तरी बी डिंक लिवा म्हनत्यात?"

"हो."

तो ताठ बोटांनी कापलेल्या पानांचा गठ्ठा सारखा करत राहिला. मग म्हणाला, "न्हाई वैनी. मला वाटलं हुतं त्येंचा धरम आडवा येतोय. धरमापुढं म्या मान खाली घातली आसती. ह्यो धरम न्हवं. माझ्या हातचं पान घरात बसून खेळनार आन चारचौघांत न्हाई म्हननार. सरसच लिवा. ठळक लिवा."

"दिवाळीला पडवी जाईल."

"जाऊ दे."

"नीट विचार करा. उसात—"

"आवं, म्या केलाय इचार," तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "पयल्यांदाच कुनीतरी मला इच्यारतंय, तर सांगू द्या की!"

मी घरी जाऊन टाक उचलला.

संपादकांनी अंक अडवायचा प्रयत्न केला. "मी संपादक आहे!" म्हणाले. मी म्हटलं, "आणि अक्षर माझं आहे. दुसऱ्या कुणाकडून उतरवून घ्या." दुसरं कुणी नव्हतं. मी पान भरून, मोठ्या अक्षरात लिहिलं की पत्त्यांवर सरस आहे, चामड्याहाडांचाच आहे, विलायती पत्त्यांवरही तोच आहे, वाईत पाचसहा जणांच्या समक्ष पडताळून पाहिला आहे, आणि तरीही डिंक लिहावा अशी विनंती आली होती ती मी नाकारते. कारागिरानंही नाकारली आहे. क्षमा कुणाचीच मागितली नाही. त्याखाली वकीलसाहेबांनी स्वतःच्या हातानं काहीतरी खुलासा लिहिला, पण त्यांचं अक्षर कोर्टातही कुणाला लागत नसे.

अंक फिरला. साताऱ्याहून दोन कॅटांची मागणी आली, शाबासकीही आली. वाईहून अंक परत आला तेव्हा साताऱ्याच्या अभिप्रायांनंतरची सगळी पानं कोरी होती. सही नाही, अभिप्राय नाही, निषेधसुद्धा नाही. आठवडाभर अंक तिथं होता, कडांना बोटांचे डाग होते, म्हणजे सगळ्यांनी वाचला होता. दुसऱ्या दिवशी संपादकांनी निरोप पाठवला की मासिक तूर्त स्थगित करण्यात येत आहे. मी निरोप्याबरोबर सगळे टाक आणि दौत परत पाठवली. एक टाक माझा होता, तोही चुकून गेला.

वसुबारसेच्या दिवशी मी आणि हे पडवीत गेलो. त्यानं ठसे पोत्यात बांधले होते. फरशी छापखान्याची होती, ती तशीच राहिली. आवाराबाहेर गावची गाडी थांबली होती, बैलाच्या शिंगांना रंग लावला होता. हे त्याच्याबरोबर पोतं उचलू लागले. मला उभं राहवेना.

"माझ्यामुळं गेलं हो तुमचं," मी म्हटलं. "एक वाक्य जास्त लिहिलं मी. ते नसतं लिहिलं तर तुम्ही आज इथंच असता."

तो गाडीत पोतं ठेवून परत आला. धोतराला हात पुसले.

"आवं वैनी," तो म्हणाला, "पलटनीत घातलं ते बापानं. बोटं गेली ती लढाईत. पडवी दिली ती मालकानं, आन काढून घेतली ती बी त्यानंच. ह्यो धंदा तेवढा म्या सोता घालीवलाय, माझ्या तोंडानं न्हाई म्हनून. तेवढं तरी माझं ऱ्हाऊ द्या."